गीतूच्या क्यूवरचा लाल स्टिकर

१४ सप्टेंबर, रविवार

निवृत्त माणसाने स्वतःला कशात तरी गुंतवून घ्यावं, असं सगळे सांगतात. तो खरंच गुंतला की हेच लोक तोंड फिरवतात. आज सकाळच्या चहाला मी जाहीर केलं, "गीतूच्या क्यूचं पॉलिश मी स्वतः करणार." नंदिनीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे, आणि म्हणाली, "पितृपक्ष चालू आहे. आठ दिवस थांबा." कोपरखैरण्यात चौथ्या मजल्यावर राहून, मोबाइलवर दूध मागवून, ही बाई पॉलिशला मुहूर्त बघते! गीतू काहीच बोलली नाही. तो होकार समजून मी पुढे गेलो.

गीतू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, गीतांजली. दिवसा ऐरोलीला नोकरी करते आणि संध्याकाळी वाशीच्या क्लबात पूल खेळते. कापडाच्या टेबलावर लांब काठीने रंगीत चेंडू भोकात घालायचे, असा तो खेळ. त्या काठीला क्यू म्हणतात. नंदिनी काठीच म्हणते. १२ ऑक्टोबरला वाशीलाच राज्याच्या संघाची निवड आहे. गीतू दोन वर्षं त्या एका दिवसासाठी घाम गाळते आहे. आणि नेमका या पावसाळ्यात क्यूवरचा पारदर्शक लेप पांढुरका, चिकट झाला. हात सरकत नाही म्हणते.

तिच्या प्रशिक्षकांच्या, म्हणजे संघर्ष सरांच्या ओळखीचा एक माणूस दादरला हे काम करतो. पण घरात तज्ज्ञ असताना दादरला का जायचं? रबाळ्याच्या एका लाद्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलं. लादीवर खोट दिसली की लाल गोल स्टिकर. खोट दुरुस्त झाली की स्टिकर काढायचा, म्हणजे माल पास. लावायचा आणि काढायचा अधिकार फक्त माझा. निरोप समारंभाला लोकांनी मला स्टिकरांची अख्खी पेटी भेट दिली. काहींना त्यात टोमणा दिसला. मला सन्मान दिसला.

नंदिनी म्हणाली, "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या लाद्या नाकारल्यात. एक तरी लादी स्वतः केलीत का?" मी बॅटरी शोधायला उठलो.

क्यू दोन तुकड्यांचा असतो, मध्ये पेच. पुढच्या निमुळत्या भागाला हात लावायचा नाही अशी मला ताकीद आहे. मागचा जाड भाग ताब्यात मिळाला. बॅटरी मारून तपासला. अकरा स्टिकर लागले. सर्वांत वाईट खोट मुठीच्या जागी आहे. तिथे शेंगदाण्याएवढी खळी पडली आहे. पहिल्या स्पर्धेला जाताना रिक्षाच्या दांडीवर आपटला होता म्हणे. बोलता बोलता गीतूची करंगळी सारखी तिथेच जात होती. पोरीला ती किती सलत असेल! पण बापाला त्रास नको म्हणून उलट म्हणाली, "बाबा, फक्त वरचं चिकट झालंय तेवढं काढ आणि नवा कोट मार. बाकी कशालाच हात लावू नको. प्रॉमिस?" मी प्रॉमिस म्हटलं. फार समजूतदार पोरगी आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी रिकामी करून घेतली. नंदिनीचं वॉशिंग मशीन सध्या हॉलमध्ये आहे. बाल्कनीला प्लॅस्टिकचे पडदे लावले. शिरवण्याच्या एमआयडीसीत बाबासोंचं रंगाचं दुकान आहे, तिथून पॉलिशपेपर, थिनर आणि क्लिअर कोटचा डबा आणला. बाबासो म्हणाले, "साहेब, आधी एखाद्या फळकुटावर हात बसवा." फळकुटावर! मी हसलो आणि निघालो.

जुना लेप खरवडून काढला. नुसतं लाकूड काय सुंदर दिसतं! हातानेच तपासलं. लोक यंत्रं घेतात, पण तळहातासारखं यंत्र नाही. सपाटी कळेपर्यंत मी तळहात फिरवत राहतो. विचार करताना डोक्यावरून फिरवायचा आणि मग लाकडावरून, अशी एक लयच लागते.

डोक्यावरून आठवलं. सलूनवाल्याने दिलेलं सीरम लाभतं आहे. राहिलेत ते केस काचेसारखे चमकतात. बाटलीवर लिहिलंच आहे, 'सिलिकॉनयुक्त, दिवसभर चकाकी'. सकाळी चार थेंब लावतो. नंदिनी म्हणते, "शेताला खत घालावं तर शेत तरी हवं." तिला चकाकीचं वावडंच आहे.

दुपारी पहिला कोट मारला. आरसा झाला आरसा.

१७ सप्टेंबर, बुधवार

आरसा फुटला. सकाळी बघतो तर कोटवर बारीक बारीक गोल खड्डे. मधे लाकूड उघडं आणि भोवती कडा उचललेली. इंटरनेटवर शोधलं. याला माशाचे डोळे म्हणतात. खरंच, बाजारात बर्फावर मांडलेली बोंबलांची रांग आपल्याकडे बघते तसं वाटतं. कारण दिलं होतं, 'पृष्ठभागावर तेल, मेण किंवा सिलिकॉनचा अंश.'

तेल! पुढे वाचायची गरजच पडली नाही. बाल्कनीच्या अलीकडे काय आहे? गॅस. गॅसवर काय होतं? फोडणी. मोहरी तडतडली की तेल हवेत उडतं, हवेतून बाल्कनीत, बाल्कनीतून क्यूवर. एकतीस वर्षांचा अनुभव असा कामी येतो. मी स्वयंपाकघराच्या दारावर लाल स्टिकर लावला आणि नंदिनीला समजावून सांगितलं, की काम संपेपर्यंत घरात फोडणी बंद.

"म्हणजे जेवायचं काय?"

"उकडून."

तिने हातातली पळी ओट्यावर आपटली. गीतू आत जाऊन हसत होती की काय, आवाज आला.

२० सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस उकडलेलं खातो आहे. कोबी. दुधी. काल बिनफोडणीचं वरण, त्याकडे बघून मला कारखान्याच्या कॅन्टीनची आठवण झाली आणि चक्क गहिवरून आलं. पण मोठ्या कामाला त्याग लागतो.

आज सकाळी नंदिनी बॅग भरून बहिणीकडे खारघरला गेली. "तुमचं पॉलिश वाळलं की सांगा," एवढंच म्हणाली. गीतूने तिला रिक्षात बसवलं. मला वाटतं, नंदिनीलाही कळलं असावं की कामाला एकांत हवा.

घरात आता फोडणीचा प्रश्नच नाही. खरवडलं, पुसलं, तळहाताने तपासलं, दुसरा कोट मारला.

२१ सप्टेंबर, रविवार

डोळे. जास्तच.

बाई घरात नाही, गॅस पेटलेला नाही, तरी डोळे! दिवसभर विचार केला. डोक्यावरून हात फिरवून फिरवून टाळू दुखली. संध्याकाळी उलगडा झाला. शेजारच्या कृष्णातच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या बाल्कनीला काटकोनात आहे. मूळचा कोल्हापूरकडचा माणूस. त्यांच्याकडे तांबडा रस्सा होतो. दार वाजवून त्याला म्हटलं, "कृष्णात, तीन आठवडे फोडणी टाळता येईल का? राज्याच्या संघाचा प्रश्न आहे."

तो दारातच उभा राहून गंभीरपणे म्हणाला, "साहेब, फोडणी बंद केली तर बायकू म्हायेरला जाईल की ओ."

"माझी गेली आहे," मी म्हणालो. "काही बिघडत नाही."

त्याने दार लावून घेतलं. माणसांना दुसऱ्याच्या कामाची कदर नसते. सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज दिला आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

अर्जाची सोसायटीच्या ग्रुपवर चेष्टा चालू आहे. कोणीतरी मोहरीचं चित्र टाकलं. दहा जणांनी त्याला हसऱ्या तोंडांनी दाद दिली. मी ग्रुप सोडला.

मात्र कामात मी पुढे गेलो. आता डोळे खरवडून काढत नाही, भरतो. कोट पूर्ण सुकू द्यायचा. दात कोरायच्या काडीच्या टोकाने प्रत्येक खड्ड्यात एक थेंब सोडायचा, थोडा उंचच. तो सुकला की बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासायचा, थेंब आजूबाजूच्या पातळीला येईपर्यंत. ओघळ आला असेल तर ब्लेडने उभा तासायचा. धुळीचं कुसळ अडकलं असेल तर सुईच्या टोकाने उचलून तिथेही थेंब. जमतं! बाजूने उजेड धरला तरी डाग कळत नाही. काल दिवसभर बसून सतरा डोळे भरले आणि सतरा स्टिकर काढले. इतकं समाधान मला कारखान्यात कधी मिळालं नव्हतं. तिथे फक्त स्टिकर लावायचो. दुरुस्त दुसरं कोणीतरी करायचं.

गीतू दाराशी येऊन उभी राहिली. "बाबा, झालं का? क्लबची काठी वाकडी आहे. मला माझी हवीय. रविवारपासून प्रॅक्टिस मॅच सुरू होतायत."

"असा अर्धवट देऊ?"

"हो. अर्धवट दे. चालेल."

तरुण पिढीला असंच सगळं अर्धवट चालतं. तिला मी टॉपकोटचं, म्हणजे शेवटच्या थराचं महत्त्व समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता मोबाइलवर संघर्ष सरांना काहीतरी लिहीत होती. नोंद घेत असावी.

२९ सप्टेंबर, सोमवार

नंदिनी परत आली. "घटस्थापना तुमच्याशिवाय झाली, दसरा घरातच करायचा," म्हणाली. आल्याआल्या मिरचीची फोडणी दिली. मी दोनदा खोकलो. तिने दाराकडे बोट दाखवलं. आज पहिल्यांदा पोटभर जेवलो हे मात्र इथे कबूल करतो.

शेवटचा जाड कोट मारला. थोडे डोळे आले, पण आता मी त्यांना घाबरत नाही. उद्या थेंब भरेन, मग चार दिवसांनी घासून चकाकी, की काम फत्ते.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. आमच्याकडे एरवी पक्कड, विळी आणि माझा जाडी मोजायचा जुना कॅलिपर एवढंच पाटावर बसतं. यंदा मी क्यूचा मागचा भाग आणून मधोमध ठेवला. राज्याच्या संघात जाणारं शस्त्र आहे ते! नंदिनी म्हणाली, "अजून ओलं असेल. लांबूनच फूल वाहा." पण चार शेजारी तीर्थप्रसादाला आले होते, सेक्रेटरी आणि कृष्णातसुद्धा. माझं काम त्यांनी बघायलाच हवं होतं. नखाने हलकेच टोचून पाहिलं, कोरडं वाटलं. मग मीच चांगलं भिजवलेल्या हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट उमटवलं, मुठीच्या थोडं पुढे, आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

कृष्णातने वाकून बघितलं. "लई चकाकतंय ओ साहेब. तुमच्या टाळूगत."

मी धन्यवाद दिले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा आहे आणि मी सोन्यासारखा दिवस बाल्कनीत बसून घालवतो आहे. सकाळी फूल उचललं तर पाकळ्या तिथेच राहिल्या. कुंकू पुसलं तर निघेना. वरून सुकलेला कोट आतून ओला होता. लाल ठिपका खाली उतरून लाकडात मुरला आहे. देवीने काडीने थेंब सोडावा तसा.

नंदिनीला ओरडलो की तुझ्या पूजेने घात केला. ती आपट्याची पानं निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोट कोणाचं होतं?" मी बाल्कनीत परत गेलो.

इलाज एकच. पूर्ण लाकडापर्यंत घासायचं. दहा दिवस आहेत. गीतूला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकली. "बाबा, तू खरंच सांग, बारा तारखेआधी मिळेल ना? मी दिवाळीत काहीच मागणार नाही. फक्त काठी परत दे." तिचा आवाज रडवेला वाटला. सर्दी असेल, सध्या साथ आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

कुंकवाचा डाग गेला. बरंच लाकूड घासलं गेलं, पण गेला.

आणि आता सगळं लाकूड उघडंच आहे, तर मनात आलं, मुठीजवळची ती खळी का ठेवायची? फक्त वरचा लेप, असं गीतूला म्हटलं होतं खरं. पण ते तिच्या भिडस्तपणाला मान देऊन. पोरीने मागितलं नाही ते देण्यातच बापाची गंमत.

दबलेलं लाकूड वाफेने वर येतं. ओलं फडकं खळीवर ठेवलं, वर इस्त्रीचं गरम टोक, चर्र. पुन्हा फडकं, पुन्हा टोक. हळूहळू लाकूड फुगून वर आलं. चौथ्या खेपेला बोटाला काहीच लागेना. डोळे मिटून तळहात फिरवला. कुठे खळी होती ते मलाही सांगता येणार नाही. एकतीस वर्षांत पाहिलेली ही सर्वांत देखणी दुरुस्ती. मी केलेली! अकराव्या जागेवरचा स्टिकर काढून पेटीच्या झाकणावर चिकटवला.

सीरम संपलं. सलूनवाला गावी गेला आहे, दहा तारखेला येतो म्हणाला. आरशात बघवत नाही. शेत पुन्हा कोरडवाहू.

८ ऑक्टोबर, बुधवार

चमत्कार! चार दिवसांत तीन कोट झाले आणि एकही डोळा नाही. एकही नाही. बॅटरी मारली, भिंग लावलं, उन्हात धरलं. नंदिनी रोज फोडणी देते, कालच तिने लसणाची दिली, तरी नाही. अर्थ उघड आहे. कृष्णातने शेवटी माझं ऐकलं.

जिन्यात भेटला तेव्हा त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "आमच्याकडं तर काल बी झुणका व्हता ओ, साहेब." माणूस किती विनम्र! केलेले उपकार बोलूनही दाखवत नाही. मी उगाच त्याच्याबद्दल वाईट लिहिलं.

नंदिनी बाजूला उभी राहून माझ्या डोक्याकडे बघत होती. आज दिवसभर तिचं ते चालू आहे. काहीतरी बोलायला तोंड उघडते आणि मिटते. शेवटी म्हणाली, "केस कोरडे बरे दिसतात तुमचे." लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर कौतुक आलं, उशिरा का होईना.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गीतूच्या हातात क्यू दिला. बाजूने बघावं तर ट्यूबलाइटची अखंड रेघ त्यात दिसते. तिने दोन्ही भाग पेच फिरवून जोडले आणि मला मिठी मारली. "बाबा, कसला भारी दिसतोय!" ती तशीच धावत क्लबला गेली.

सलूनवाल्याने सीरमची नवी बाटली पाठवली. उद्यापासून सुरू. रविवारी फोटो निघतील.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुपारचं जेवण व्हायचं होतं. गीतू क्लबवरून लवकर आली, क्यू जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाबा, माझी खळी कुठाय?"

मला वाटलं कौतुक करते आहे. "शोध," मी म्हणालो. "सापडणारच नाही!"

"तेच तर. सापडतच नाहीये." आणि ती रडायला लागली. सर्दी नव्हती. "मी करंगळी तिथे टेकवते. हात किती मागे धरायचा ते मला तिथून कळतं. डोळे चेंडूवर असतात, बाबा, मागे वळून बघता येत नाही. काल आणि आज मी एकही मॅच जिंकले नाही. दर शॉटला हात वेगळीकडेच पडतो. मी तुला म्हटलं होतं, बाकी कशाला हात लावू नको. तू प्रॉमिस केलं होतंस."

मी म्हणालो, की ती खोट होती, मी ती उत्तम भरली आहे. म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. सगळे स्टिकर मी बरोबर लावले होते, आणि पोरीचं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

"पेनने खूण करू का?" मी विचारलं.

"बोटाला पेन कसं दिसेल, बाबा?"

तेवढ्यात नंदिनी हात पुसत बाहेर आली. तिने क्यू उचलून गीतूच्या हातात दिला. "धर. मारायला धरतेस तशी." गीतू टेबलावर वाकली. नंदिनी तिच्या मागे एक खुर्ची ओढून बसली, जरा तिरकी, मान कलती करून बघितलं, गीतूचा हात बोटभर मागे सरकवला, पुन्हा बघितलं. मग माझ्या पेटीतून एक लाल स्टिकर घेऊन करंगळीखाली चिकटवला.

"इथे होती."

"तुला कसं माहीत?" मी म्हणालो. "तुला खेळातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. म्हणून दोन वर्षं प्रत्येक मॅचला हिच्या मागच्या खुर्चीत बसून ती करंगळीच बघतेय." तिने क्यू घडी केलेल्या पंच्यावर ठेवला आणि स्वयंपाकघरातून बत्ता आणला.

मी मधे आलो. खरंच आलो. "अगं, आरसा झालाय तो! तीन कोट आहेत!"

"बाजूला व्हा," नंदिनी म्हणाली. लसूण ठेचायला लावते तेवढाच जोर लावून तिने बत्त्याच्या गोल टोकाने स्टिकरवर एकदाच ठोकलं. ठक्क. आवाज माझ्या दाढेत गेला.

गीतूने करंगळी टेकवली. डोळे मिटले. हात पुढे-मागे केला. मग नाक ओढून म्हणाली, "आई, थोडी उथळ आहे. चालेल." मी स्टिकर काढायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. माझा आहे तो."

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर वाशी. मी नंदिनीच्या शेजारी, गीतूच्या मागच्या बाजूला बसलो. पहिल्यांदाच. आजवर मी पुढून बघायचो, जिथून गुणफलक दिसतो. इथून फक्त पाठ दिसते, कोपर दिसतं, आणि लाल ठिपक्यावर येऊन थांबणारी करंगळी. प्रत्येक शॉटच्या आधी ती तिथे येते, क्षणभर थांबते, मग हात हलतो. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसतच नाही. नंदिनी बघता बघता स्वतःची करंगळी मांडीवर दाबत होती. मीही दाबायला लागलो.

पहिल्या दोन मॅच हरली. पुढच्या सगळ्या जिंकली. शेवटी संघात चौघी घेतल्या आणि गीतू पाचवी, राखीव. ती आनंदाने उड्या मारत होती. निवड समितीला स्टिकर लावावेत असं मला वाटलं, तेवढ्यात संघर्ष सर आले. तिशीतला, मोजकं बोलणारा माणूस.

"काका, राखीव म्हणजे पण मोठी गोष्ट आहे. टेन्शन घेऊ नका. एकच मॅच कमी पडली. हा महिना काठी तिच्या हातात असती ना, तर..." त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

ते वाक्य मला पूर्ण करता येतं. मला फार वाईट वाटलं. तिला तसं म्हणालो. पार्किंगमध्ये, स्कूटर काढता काढता म्हणालो, की गीतू, माझ्यामुळे गेलं. ती म्हणाली, "हो, बाबा." आणि मग, "वडापाव घेऊ या?" ती खोटं काही म्हणाली असती तर मला जास्त लागलं असतं.

घरी आल्यावर क्यू पुसायला मागितला. बॅटरी मारली. खळीभोवती कोटला केसासारख्या चिरा गेल्या आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. एका काडीचं आणि अर्ध्या तासाचं काम. पॉलिशपेपर हातात घेतला होता, तो परत पेटीत टाकला. गीतूला विचारलं, "स्टिकर काढू का? उद्यापासून कागद बोटाला टोचेल." तिने मान डोलावली. मी नखाने हलकेच सोलून काढला. खाली खळी तशीच.

माल पास.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी अंघोळ करून आरशासमोर उभा राहिलो. सीरमची नवी बाटली घ्यायला हात घातला तर झाकणावर लाल स्टिकर. माझ्याच पेटीतला. मधोमध, नीट चिकटवलेला.

हिला या बाटलीत काय खोट दिसली? बराच वेळ विचार केला. स्वयंपाकघरात मोहरी तडतडत होती. स्टिकर लावायचा आणि काढायचा अधिकार या घरात माझा आहे, हे ओरडून सांगावंसं वाटलं. शेवटी बाटली होती तिथेच ठेवली, स्टिकरसकट, आणि केस नुसतेच विंचरून नाश्त्याला गेलो.